अजून नाही

मी समुद्राकडची, ब्रिटनीतली,
सफरचंदाच्या दारूवर वाढलेली.
लग्न होऊन कोंब-रूजला आले तेव्हा
सासऱ्यांनी आधी माझे बूट पाहिले,
मग मला.
"ही माती सुटत नाही," म्हणाले बाझील.
सव्वीस वर्षं झाली,
चादरींच्या कडांना अजून गंजाचा रंग आहे.

पुरते चार हेक्टरही नाहीत. उतार असा
की यंत्र चढत नाही.
घोडा होता, तोही एक दिवस खाली बघून
जागच्या जागी थांबला.
तेव्हापासून दोरी, ढकलगाडी आणि आमचे गुडघे.
कोल्ह्यांना इथली द्राक्षं कधी आंबट लागली नाहीत,
गिऱ्हाइकांना लागायची.
रोदेझचा व्यापारी घोट तोंडात घोळवून
बादलीत थुंकायचा, म्हणायचा,
"प्रामाणिक आहे."
म्हणजे भाव पाडणार.

बाझील बोलायचे कमी,
टाक्यांवर खडूने लिहायचे.
तारीख, साखर किती, खाली एखादा शब्द:
'ढवळ'.
'ऐक'.
'मार्तचा उतार. चिडका.'
हिशेबाची वही माझ्याकडे, मला आकडे कळतात.
चिडका कुठल्या रकान्यात भरायचा
ते कुणी सांगितलं नाही.

त्या वर्षी तोडणी लांबली.
मार्तच्या उताराचा माल तिसऱ्या टाकीत गेला,
आणि वर त्यांनी लिहिलं: 'अजून नाही'.
म्हणजे सालं रसातच राहू द्या,
गाळू नका.
दोन दिवसांनी जिन्याच्या पायरीवर बसले,
डावा बूट काढला.
उजवा आम्ही काढला.

अठरावा दिवस. बाविसावा.
नणंद सिदोनी तुलूझहून आलेली,
शहरी काळ्या कोटात, नाकाला रुमाल:
"गाळ आल्बां, कडू होईल."
माझा नवरा म्हणाला, "लिहिलंय ना."
"दोन दिवसांसाठी लिहिलं होतं रे!"
"दोन दिवस असं कुठे लिहिलंय?"
तीस. चौतीस.
टोपी तरंगायची थांबली, बुडाली.
चिलटंसुद्धा निघून गेली.

मग तळघराच्या ओलीनं आपलं काम केलं.
एका सकाळी 'नाही' पुसलेलं,
टाकीवर एकच शब्द: अजून.
सिदोनी म्हणाली, बघ, नकार गेला.
आल्बां म्हणाला, बघ, आणखी म्हणतायत.
दोघं भावंडं एका ओल्या लाकडापुढे
लहान मुलांसारखी हमरीतुमरीवर.
एक्केचाळिसाव्या दिवशी तोटी मी उघडली.
दुःख नव्हतं असं नाही,
पण टाकी हवी होती, बँकेचा हप्ता होता.

काळी वाइन. जीभ दोरीसारखी पिळून काढणारी.
व्यापारी या वेळी प्रामाणिकही म्हणाला नाही.
तीनशे अकरा बाटल्या, लेबल नाही,
कारण नावावर एकमत नाही.
वहीत लिहिलं: नुकसान.

यंदा जूनमध्ये गारा पडल्या,
सोळा मिनिटं.
वेलींवर पानंसुद्धा उरली नाहीत, नुसत्या तारा.
रात्री कुणी जेवेना.
सिदोनीही होती, निवृत्त झाल्यापासून असतेच.
आल्बां खाली गेला, धुळीची एक बाटली घेऊन आला,
मोहरीच्या रिकाम्या ग्लासांत ओतली.

चमत्कार वगैरे काही नाही.
लोखंड तेच, तुरटपणाही तोच, फक्त आता
तो दाराशी आरडाओरडा करत नव्हता,
खुर्ची ओढून बसला होता.
मागाहून काळ्या बेदाण्यासारखं काहीतरी,
आणि मिरी,
आणि मग कुणीतरी उगाच रागावल्यासारखं.

"चिडकी," सिदोनी म्हणाली,
आणि हसता हसता तिचं नाक वाहू लागलं.
आल्बांनं ग्लास दिव्याकडे धरून ठेवला,
बराच वेळ, प्यायलाच नाही.

मला वाइन आवडत नाही, आजही.
पण उभ्यानंच सगळा ग्लास संपवला.
सकाळी वही काढली: तीनशे दहा.
'नुकसान' खोडलं.
पुढे काय लिहायचं, त्याचा रकाना
अजून नाही.